इभ्रत : स्त्रीलिंगी नाम

रविवारचा मराठीचा वर्ग. मुलं पाच,
त्यांतली दोन आजोबांच्या धाकानं आलेली.
ओजस चिटणीस हात वर करतो,
"मॅडम, ये इभ्रत क्या होता है?"
"होती है," मी म्हणते. "ती इभ्रत. स्त्रीलिंगी."
आणि फळ्यावर लिहिते : प्रतिष्ठा, लोकांतला मान.
पाचही जण उतरवून घेतात.
अर्थ संपला, असं त्यांना वाटतं.

या शब्दाला क्रियापद एकच ठाऊक, जाणे.
इभ्रत गेली म्हणतात.
आली, असं साठ वर्षांत लश्करात
मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.
फार तर तिला धक्का लागतो, तेव्हा कळतं की होती,
अंधारात पायाला लागलेल्या पाटासारखी.

पत ठेवता येते, पेढीत. अब्रू झाकता येते.
नाव काढता येतं आणि नावं ठेवता येतात,
एका अनुस्वारात केवढा फरक.
आई तांदूळ निवडताना म्हणायची,
"अब्रू, पत, लाज, इभ्रत,
जाणाऱ्या सगळ्या बाईच्या जातीच्या.
मान आणि लौकिक तेवढे पुरुष.
ते येतात, आणि पाट मांडून घेतात."

त्र्याहत्तर साली समाजाच्या पतपेढीत
तीनशे बारा रुपये कमी भरले.
खजिनदार माझे बाबा.
कुणी चोर म्हटलं नाही, माणसं सभ्य होती.
फक्त सूचनाफलकावर खडूनं लिहिलं :
"श्री. द. वि. पोतनीस यांजकडून येणे".
अक्षर इतकं सुरेख
की पुसणं कुणाच्या जिवावर आलं.

बाबांनी रस्ता बदलला.
बाड्यावरून जायचे ते मागच्या गल्लीनं,
गटाराच्या कडेकडेनं, धोतर सावरत.
संक्रांतीला तिळगूळ घेऊन कुणी आलं
तर आतून कडी.
आईच्या पाटल्या आधी गेल्या.
मग उरलं मनगटावरचं घड्याळ.

"मुनीरभाई, इभ्रत गई," बाबा म्हणाले.
मी सोबत होते, नऊ वर्षांची,
भिंतीवरचे लंबक मोजत.
मुनीरचाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही.
"पोतनीस साहब, इबरत जाती नहीं.
इबरत ली जाती है."

त्यांच्या भाषेत तो शब्द म्हणजे धडा,
दुसऱ्याच्या ठेचेतून आपण उचललेला.
एकच शब्द, अरबस्तानातून निघालेला,
त्यांच्या घरी मास्तर झाला,
आमच्या घरी सून.
बाबांना आधी वाटलं, थट्टा.
मग वाटलं, बोल लावला.
तेवढ्यात घासाघीस सुरू झाली.

एकशे चाळीस.
छे, एकशे साठच्या खाली नाही.
पट्टा जुना आहे.
पट्ट्याचं काय घेऊन बसलात, मशीन बघा.
वीस मिनिटं, दोनदा चहा,
बाबांचा आवाज चढलेला,
कितीतरी महिन्यांनी.
ज्याची कीव येते
त्याच्याशी कुणी असं भांडत नाही.
हे मला तेव्हाच कळलं की फार नंतर, आता सांगता येत नाही.
एकशे पंचावन्नला सौदा पटला.

पुढे बेरजेतली हातच्याची चूक सापडली,
दुसऱ्याच कुणाच्या हातची.
फलक पुसला, पण ओल्या फडक्यानं,
त्यामुळं दुपारच्या तिरिपेत
"येणे" एवढं वाचता यायचं.

घड्याळ चाचांनी विकलं नाही.
काचेमागे ठेवलं, रोज किल्ली देत,
किमतीची चिठ्ठी कधी लावली नाही.
परतही दिलं नाही, सौदा तो सौदा.
बाबांना वेळ बघायची असली
की पुढच्याच रस्त्यानं जावं लागे,
भर बाजारातून, मान वर करून :
दुकान चार पायऱ्या उंच होतं.